ऑफिसातलं सोशल मीडिया: कंपन्या ते का आणतात आणि कर्मचारी ते का वापरत नाहीत?

फेसबुकवर पोस्ट टाकायला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढायला कुणी प्रशिक्षण घेत नाही. पण तशाच धाटणीचं साधन कंपनीने ऑफिसात आणलं की वेगळंच घडतं. सुरुवातीला उद्घाटनाचा मेल येतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा पडतात आणि मग शुकशुकाट होतो. कामाचं बोलणं पुन्हा ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर परततं. असं का होतं आणि ज्या कंपन्यांना थोडंफार यश आलं त्यांनी काय केलं, ते समजून घेऊ.

हे नेमकं काय असतं?

कंपनीच्या आत, फक्त कर्मचाऱ्यांसाठी चालणारं हे सोशल नेटवर्क. त्यात प्रोफाइल, पोस्ट, ग्रुप, कॉमेंट आणि जुनं शोधण्याची सोय असते. त्याच्या जोडीला विषयवार चॅटची चॅनेल, अनेकांनी मिळून लिहायच्या फाइली आणि व्हिडिओ मीटिंग येतात.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले अँड्र्यू मॅकफी यांनी २००६ मध्ये या प्रकाराला 'एंटरप्राइज २.०' असं नाव दिलं. २००८ मध्ये यॅमर आलं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १२० कोटी डॉलरला विकत घेतलं. स्लॅक २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. मुळात 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमने आपसातल्या बोलण्यासाठी ते तयार केलं होतं. गेम बंद पडला, पण साधन टिकलं. मायक्रोसॉफ्टचं टीम्स २०१७ मध्ये आलं. फेसबुकनेही २०१६ मध्ये कंपन्यांसाठी 'वर्कप्लेस' काढलं, पण २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांना घरी सोशल मीडियाची सवय आहे, म्हणून ऑफिसातही ते आपोआप चालेल असं नाही.

ईमेल असताना याची गरज काय?

ईमेल ज्याला पाठवला त्यालाच दिसतो. समजा, पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरला अडचण आली. तीच अडचण चेन्नईच्या ऑफिसात कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सोडवलेली असते. पण ते उत्तर दोन माणसांच्या इनबॉक्समध्ये पडून असतं. त्यातलं एक जण नोकरी सोडून गेलं, की उत्तरही हाताबाहेर जातं. तोच प्रश्न सर्वांना दिसेल अशा ठिकाणी विचारला गेला, तर उत्तर पुढच्या माणसाला शोधून सापडतं. हजारो माणसांच्या कंपनीत हा फायदा मोठा आहे.

'शून्य ईमेल'चा प्रयोग

अ‍ॅटोस या फ्रेंच आयटी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख थिअरी ब्रेताँ यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये एक धाडसी घोषणा केली: तीन वर्षांत कंपनीतला आपसातला ईमेल पूर्ण बंद करायचा. ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार यात नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीत ७० हजारांहून जास्त कर्मचारी होते. २०१२ मध्ये अ‍ॅटोसने ब्लूकिवी ही सोशल नेटवर्क बनवणारी कंपनीच विकत घेतली.

ईमेल शून्यावर आला नाही. मात्र २०१३ च्या अखेरपर्यंत आपसातले ईमेल सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. कंपनीने साधनासोबत जुनी सवय मोडण्याचं उद्दिष्टही जाहीर केलं होतं आणि प्रमुख स्वतः त्यामागे उभे होते. अनेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. ईमेल तसाच चालू राहतो, वर नवं अ‍ॅप येतं आणि कर्मचाऱ्याला दोन ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. मग तो जुनंच धरून ठेवतो.

आयबीएम आणि एचसीएलने काय केलं?

कर्मचाऱ्यांनी ब्लॉगवर काय लिहावं, काय लिहू नये याचे नियम आयबीएमने २००५ मध्ये कर्मचाऱ्यांकडूनच लिहून घेतले. नियम वरून लादलेले नसल्याने ते पाळणं सोपं गेलं. २००६ मध्ये 'इनोव्हेशन जॅम' नावाची ऑनलाइन चर्चा झाली. तिच्यात १०४ देशांतल्या दीड लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला. चर्चेला ठरावीक मुदत होती, विषय नेमके होते आणि निवडलेल्या कल्पनांसाठी कंपनीने १० कोटी डॉलर ठेवले होते. आपण लिहिलेल्याचं पुढे काहीतरी होणार, हे लोकांना दिसत होतं.

भारतात एचसीएल टेक्नॉलॉजीजचे तेव्हाचे प्रमुख विनीत नायर यांनी 'यू अँड आय' नावाचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. कोणताही कर्मचारी तिथे थेट प्रश्न विचारू शकत असे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसत. अडचणीचा प्रश्नही झाकला जात नाही, हा संदेश त्यातून गेला.

गाडी कुठे अडते?

पहिलं कारण भीती. साहेबांना दिसेल अशा ठिकाणी "मला हे येत नाही" असं लिहायला धीर लागतो. वरिष्ठ स्वतः कधीच प्रश्न विचारत नसतील, तर खालचेही विचारत नाहीत.

दुसरं कारण स्पर्धा. एखाद्याची पत त्याच्या माहितीवर टिकून असेल आणि पगारवाढ फक्त स्वतःच्या कामावर ठरत असेल, तर तो माहिती फुकट का वाटेल?

तिसरं कारण चुकीची अपेक्षा. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळं लिहितात, असं वेबतज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलं. सगळे बोलत नाहीत म्हणजे साधन फसलं, असं नाही. गप्प बसून वाचणाऱ्याचंही काम होत असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच काम केलं तर?

सोयीचं वाटतं, पण महाग पडू शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने वॉल स्ट्रीटवरच्या १६ वित्तसंस्थांना मिळून ११० कोटी डॉलरहून जास्त दंड केला. त्यांचे कर्मचारी कामाचं बोलणं खासगी फोनवरच्या मेसेजमधून करत होते आणि कायद्याने ठेवायच्या नोंदी ठेवल्या जात नव्हत्या. शिवाय नोकरी सोडणाऱ्याच्या फोनमध्ये कंपनीची आणि ग्राहकांची माहिती तशीच राहते.

वापरणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

• ऑफिसच्या अ‍ॅपवरचा 'पर्सनल मेसेज' खासगी समजू नये. कंपनीचं धोरण आणि कायदा यांनुसार तो तपासला जाऊ शकतो.
• डिलीट केलेला मेसेज कंपनीच्या नोंदीत शिल्लक असू शकतो.
• नोकरी संपली की तिथलं लिखाण पाहता येत नाही. ते कंपनीकडे राहतं.
• रात्री आलेल्या मेसेजला कधी उत्तर द्यायचं, हे टीमने आधीच ठरवून घ्यावं.

साधन रुजलं की नाही, हे किती जणांनी खातं उघडलं यावरून कळत नाही. नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याने तिथे प्रश्न विचारला, तर त्याला किती वेळात आणि कुणाकडून उत्तर मिळतं, हे पाहावं. दुसऱ्या शहरातल्या अनोळखी सहकाऱ्याने त्याच दिवशी उत्तर दिलं, तर ते साधन खरंच कामाला लागलं आहे.