हँडिकॅप ही खिरापत नव्हे

गोल्फ क्लबाच्या वार्षिक सभेत बक्षिसांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास होते. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला वाटलेली खिरापत. वर्षानुवर्षं घाम गाळून ज्याने आपला खेळ पारच्या आसपास आणला, त्याला कालपरवा क्लबात आलेला, दर तिसरा चेंडू झाडीत घालवणारा गडी पंचवीस फटक्यांची सूट घेऊन हरवतो, हा कुठला न्याय? शिवाय हे लोक मैदान अडवतात आणि क्लबाचा दर्जा घालवतात. तेव्हा सभासद करून घेतानाच हँडिकॅपची मर्यादा घाला, निदान शनिवार-रविवारची सकाळ आणि मोठ्या स्पर्धा तरी पक्क्या खेळाडूंसाठी राखून ठेवा. हा पूर्वपक्ष. तो मांडणारे सगळे आढ्यतेखोर असतात असं नाही. पुष्कळ जण मनापासून खेळणारे, नियम पाळणारे असतात. त्यामुळे त्याला उत्तर द्यायचं ते हिशेबानेच द्यायला हवं.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अठरा होलांच्या मैदानाचा पार साधारण ७२ असतो, म्हणजे तरबेज खेळाडूने ७२ फटक्यांत फेरी पुरी करावी अशी अपेक्षा. ज्याला जास्त लागतात, त्याच्या एकूण फटक्यांतून त्याचा हँडिकॅप वजा करायचा आणि उरलेल्या आकड्यावर दोघांची तुलना करायची, की नवखा आणि मुरलेला एकाच स्पर्धेत खेळू शकतात.

आता खिरापतीचा आरोप तपासू. तो करणारे असं धरून चालतात की हँडिकॅप ही खेळाडूची सरासरी असते. ती तशी नसते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी फक्त सर्वोत्तम आठ धरतात. उरलेल्या बारा, म्हणजे पावसात भिजलेली फेरी, पाठ धरलेली फेरी, पाच चेंडू तळ्यात घालवलेली फेरी, हिशेबात येतच नाहीत. हँडिकॅप सांगतो तो तुमच्या चांगल्या दिवसाचा खेळ, आणि तसा दिवस चार-पाच फेऱ्यांतून एखादाच उगवतो.

याचा परिणाम पाहायला एक साधं गणित पुरे. मैदान सरळसोट आहे, त्याच्या काठिण्याचे आकडे म्हणजे रेटिंग ७२ आणि स्लोप ११३, असं समजा; मग सर्वोत्तम आठांच्या सरासरीतून ७२ वजा केले की हँडिकॅप. एका कच्च्या खेळाडूची वीस फेऱ्यांची सरासरी १००, पण त्याचा खेळ लहरी, कधी ९२ तर कधी १०९; त्याच्या सर्वोत्तम आठ फेऱ्यांची सरासरी येते ९५. हँडिकॅप झाला २३. दुसरा पक्का खेळाडू: सरासरी ७८, खेळात सातत्य, सर्वोत्तम आठांची सरासरी ७६. हँडिकॅप ४. आता दोघे नेहमीच्या रविवारी, नेहमीसारखाच खेळ करून समोरासमोर आले. कच्च्याचे १०० वजा २३, उरले ७७. पक्क्याचे ७८ वजा ४, उरले ७४. पक्का तीन फटक्यांनी जिंकला, आणि तेही प्रतिस्पर्ध्याला १९ फटके जास्तीचे देऊन. ज्याचा खेळ लहरी, त्याचा चांगला दिवस त्याच्या सरासरीपासून फार दूर असतो. सर्वोत्तम आठ मोजण्याच्या रीतीचा फटका म्हणून त्यालाच अधिक बसतो. खिरापत वाटलीच जात असेल तर ती कोणाच्या पदरात पडते आहे, ते या आकड्यांत दिसतं.

आणि हे अनवधानाने झालेलं नाही. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत वीसपैकी सर्वोत्तम दहा फेऱ्यांची सरासरी घेऊन तिला ०.९६ ने गुणत. ५ च्या हँडिकॅपवाल्याला त्याने फारसा फरक पडत नसे, २५ वाल्याचा मात्र एक फटका जाई. या कपातीला तिथले नियमकर्ते उघडपणे उत्कृष्टतेचा बोनस म्हणत. आजच्या पद्धतीत तो गुणक गेला, तरी एकूण फटके मोजायच्या वैयक्तिक स्पर्धेत (स्ट्रोक प्ले) हँडिकॅपच्या ९५ टक्केच फटके देण्याची शिफारस आहे. वरच्या उदाहरणात त्याने २३ चे २२ होतात आणि ४ चे ४ च राहतात.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला मान्य करायला हवी. शंभर जणांची स्पर्धा, सगळ्यांची एकच यादी आणि हँडिकॅप वजा केलेल्या फटक्यांवर पहिलं बक्षीस, असं असेल तर ते बहुधा मोठ्या हँडिकॅपवाल्याकडे जातं. लहरी खेळाचे साठ जण मैदानात असले की त्यांतल्या कोणा एकाला आयुष्यातला उत्तम दिवस नेमका त्याच रविवारी लागतो, आणि पक्क्या खेळाडूच्या फटक्यांत एवढा चढउतार होतच नाही. भिंतीवरच्या फळ्यावर नाव चढतं ते त्या एकाचं. उरलेले एकोणसाठ कुठे होते ते फळा सांगत नाही. पण हा दोष बक्षिसाच्या रचनेचा. हँडिकॅपप्रमाणे गट पाडा, प्रत्येक गटाला वेगळं बक्षीस ठेवा, सूट न धरता कमीत कमी फटके मारणाऱ्याला मानाची ढाल द्या. अनेक क्लब हे करतातच. यादीची मांडणी चुकली म्हणून माणसांनाच फाटकाबाहेर ठेवणं हे अजब तर्कशास्त्र झालं.

दुसरा आरोप लबाडीचा. काही जण मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवतात आणि बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ काढतात. असे महाभाग आहेत, नाकारायचं कशाला? पण त्यांच्यासाठी नियमांत तरतूद आहे. एका होलवर कितीही फटके उधळले तरी हँडिकॅपच्या हिशेबात ‘नेट डबल बोगी’च्या पुढे मोजत नाहीत, पार ४ च्या होलवर एक फटका मिळणाऱ्याला जास्तीत जास्त ७. हँडिकॅप वर्षभरातल्या नीचांकापेक्षा ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५ च्या पुढे ती थांबतेच. उलट कोणी आपल्या हँडिकॅपपेक्षा ७ किंवा त्याहून अधिक फटक्यांनी सरस फेरी काढली की त्याचा हँडिकॅप तिथल्या तिथे एकाने कापला जातो, १० किंवा अधिक असतील तर दोनाने. हे सगळं राबवायला क्लबाची हँडिकॅप कमिटी असते. ती वर्षातून एकदा चहा-सामोशासाठी जमत असेल तर लबाडी फोफावणारच, पण मग जाब कमिटीला विचारावा.

तिसरा आरोप, कच्चे खेळाडू मैदान अडवतात. या युक्तिवादाचा इतिहास मोठा बोलका आहे. स्कॉटलंडमधल्या म्युरफील्डचा क्लब म्हणजे ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स’. १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम याच मंडळींनी केले. २०१६ मध्ये तिथे स्त्रियांना सभासदत्व द्यावं का, यावर मतदान झालं. विरोधी गटाने सभासदांना पाठवलेल्या पत्रात ज्या चिंता होत्या, त्यांत खेळाचा वेग मंदावेल ही एक आणि दुपारच्या जेवणाच्या व्यवस्थेत अडचण येईल ही दुसरी! ६४ टक्के मतं बाजूने पडूनही दोन तृतीयांशाची अट पुरी झाली नाही आणि ठराव पडला. म्युरफील्डला यापुढे ओपन स्पर्धा देणार नाही, असं ती भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने जाहीर केलं. पुढच्याच वर्षी फेरमतदान झालं, ८० टक्क्यांहून अधिक सभासदांना वेगाची चिंता वाटेनाशी झाली, आणि २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन त्याच मैदानावर झाली. ज्याला आत घ्यायचं नाही त्याला हळू म्हणायचं, ही जुनी रीत आहे.

खरं तर वेग हा सवयीचा भाग. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळत. स्टेबलफोर्ड पद्धतीत तर होलवर गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू उचलून पुढे चालायचं. १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबातले शल्यविशारद डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही गुणपद्धत स्पर्धेत आणली, ती एका बिघडलेल्या होलपायी माणसाची सगळी फेरी वाया जाऊ नये म्हणून. चार फुटांच्या पटसाठी चारी बाजूंनी उकिडवे बसून ग्रीन निरखणारे महाशय बहुधा एकेरी हँडिकॅपचे असतात, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरही हँडिकॅपचा दाखला मागतात. मागतात. पण त्या गावची सातही सार्वजनिक मैदानं एकच ट्रस्ट चालवतो, आणि त्यांत नवशिक्यांसाठी नऊ होलांचं बालगोव्हही आहे. एका मैदानावर अट घातली ती इतर दारं उघडी ठेवून.

राहिला दर्जाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत कमी प्रामाणिक वाटतो. भारतातल्या क्लबांचं फाटक कौशल्य बघून कधी उघडलं? साहेबाच्या काळात वर्ण बघून उघडे. मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना हिंदी आणि युरोपीय दोघांनाही येता येईल असा वेगळा क्लब काढावा लागला तो त्यामुळेच. पुढे ते हुद्दा आणि प्रवेश फी बघून उघडू लागलं. खेळाची पात्रता हाच निकष असता तर पहिला हक्क कॅडींचा होता. चेंबूरच्या गोल्फ मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहणारी पोरं वस्तीतल्या गल्ल्यांत लोखंडी सळ्या वाकवून केलेल्या काठ्यांनी गोल्फ खेळतात. अरुंद बोळातून, नळाच्या रांगेला चुकवत चेंडू काढणं हे रुंद फेअरवेवर खेळण्याहून सोपं नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे पहिले भारतीय व्यावसायिक, आणि तेही दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेले. अशांना पिशवीपुरता प्रवेश देऊन वर दर्जाच्या गप्पा मारायच्या, आणि त्याच तोंडाने पूर्ण वर्गणी भरणाऱ्या चाळिशीतल्या नवशिक्या बाईला रविवारची सकाळ नाकारायची, हे दोन्ही एकदम जमत नाही.

अट जरूर असावी: नियमांची, शिष्टाचाराची आणि मैदानावरच्या सुरक्षिततेची. समोरची माणसं टप्प्यात असताना चेंडू मारू नये, वाळूतले खड्डे बुजवावेत, मागून वेगाने येणाऱ्यांना वाट द्यावी, हे आठवड्याभरात शिकता येतं आणि ज्याला येत नाही त्याला थांबवता येतं. फटक्यांची अट मात्र ज्याला लहानपणी मैदान मिळालं नाही त्यालाच नेमकी गाठते. जागतिक पद्धतीने हँडिकॅपची कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसाठी ५४ ठेवली आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी पुरुषांना २८ आणि स्त्रियांना ३६ अशी होती. ती वाढवली कारण खेळाला माणसं हवी आहेत. क्लबाच्या पोटनियमात १८ किंवा २४ ची रेघ मारणारे हा निर्णय मागच्या दाराने फिरवत आहेत.

तुमच्या क्लबात असा ठराव येणार असेल तर मतदानाआधी कमिटीकडे एकच कागद मागा: गेल्या वर्षीच्या प्रत्येक स्पर्धेत कोणत्या गटाचे किती जण खेळले आणि किती जिंकले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवेत. नुसती विजेत्यांची यादी आणून दिली तर परत पाठवा.