हैदराबाद संस्थानातील जहागीरदारी

हैदराबाद संस्थानातील जहागीरदारी ही निजामाच्या राज्यात (इ.स. १७२४ ते १९४८) सरदार व दरबारी घराण्यांना रोख वेतनाऐवजी ठरावीक गावांचा महसूल तोडून देण्याची व्यवस्था होती. कळमनुरीसह (हिंगोली जिल्हा) आजचा मराठवाडा या संस्थानात मोडत असे. जहागीरदार हा तत्त्वतः जमिनीचा मालक नसून महसुलाचा हक्कदार असे आणि त्याचा हक्क निजामाच्या सनदेवर अवलंबून असे.

जमिनीची विभागणी

संस्थानाचे स्थूलमानाने तीन भाग होते. सुमारे ६० टक्के प्रदेश दिवाणी म्हणजे खालसा असून तेथील सारा सरकारी खजिन्यात जमा होई. सुमारे १० टक्के प्रदेश 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाच्या खासगी उत्पन्नाचा होता. उरलेला सुमारे ३० टक्के प्रदेश जहागीरदार, पायगा आणि मांडलिक संस्थानिकांकडे होता. खालसा व जहागिरी गावे अनेकदा एकमेकांना लागून असत. त्यामुळे शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे सारा, पोलीस व न्याय यांबाबतचे अनुभव पूर्णपणे भिन्न असू शकत.

जहागिरींचे प्रकार व प्रमुख घराणी

उपजीविकेसाठी दिलेली 'जात' जहागीर, फौज बाळगण्याच्या अटीवर दिलेली जहागीर आणि वंशपरंपरागत 'अल-तमघा' हे प्रमुख प्रकार होत. सर्वांत प्रबळ असलेल्या पायगा घराण्याचे निजामाशी विवाहसंबंध होते. पुढे या घराण्याच्या आस्मानजाह, खुर्शीदजाह व विकार-उल-उमरा अशा तीन शाखा झाल्या. सालारजंग घराण्याच्या जहागिरीत अजिंठा गावाचा समावेश होता.

मराठी घराण्यांनाही या व्यवस्थेत स्थान होते. धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन जाधव शाहू महाराजांची बाजू सोडून निजामाकडे गेले व त्यांना भालकीची जहागीर मिळाली. निजामाच्या सेवेतील रावरंभा निंबाळकरांनी करमाळ्यास आपले ठाणे वसवले. मराठवाड्याच्या महसुलाचे दप्तर रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते.

सत्तेचे अर्थकारण

मोठ्या जहागीरदारांचे स्वतःचे अंमलदार, पोलीस व न्यायालये असत. मात्र त्यांपैकी बहुतेक जण हैदराबाद शहरात राहत आणि गावाशी त्यांचा संबंध वसुलीपुरताच उरे. जहागीरदाराच्या मृत्यूनंतर वारसाला नव्याने मंजुरी घ्यावी लागे. त्यामुळे वारसाहक्काचे तंटे व दरबारातील मर्जी यांना मोठे महत्त्व आले. इतमाम राखण्याचा खर्चही जबर होता. विकार-उल-उमरा यांनी बांधलेला फलकनुमा राजवाडा अखेरीस निजामाच्या ताब्यात गेला.

राजा चंदुलाल यांच्या कारकिर्दीत (एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध) महसूल मक्त्याने दिला जाई आणि सावकारांचे कर्ज फेडण्यासाठी प्रदेश गहाण पडत. पहिले सालारजंग (दिवाण, १८५३ ते १८८३) यांनी मक्तेदारी मोडून १८६५ पासून जिल्हे व पगारी अधिकारी नेमले. पूर्वी वसुलीचा मक्तेदार असलेला 'तालुकदार' आता जिल्ह्याचा अधिकारी झाला. या सुधारणांचा लाभ मुख्यतः खालसा गावांना झाला. अनेक जहागिरींत मोजणी व साराबंदी दीर्घकाळ रखडली आणि कुळांना जमिनीची शाश्वती मिळाली नाही.

गावपातळीवरील सत्ता

प्रत्यक्ष गावात देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी या वतनदारांचा अंमल चाले. जहागीरदार बदलला तरी वतनदार तेच राहत, कारण गावाची कागदपत्रे आणि शेतकऱ्यांवरील दाब त्यांच्याच हाती असे. काही स्थानिक नाईक सशस्त्र सत्ताही बाळगून होते. हदगाव परिसरातील नाव्हा येथील नोवसाजी नाईकांच्या गढीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील निजामाच्या फौजेने वेढा घातला व जानेवारी १८१९ मध्ये ती जिंकली. पुढे हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटचे लष्करी ठाणे झाले.

पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजी कारभाराखाली गेला. तेथे मोजणीनुसार रयतवारी पद्धत लागू झाली. नदीच्या अलीकडील कळमनुरी तालुका मात्र परभणी जिल्ह्याचा भाग म्हणून निजामी कारभारातच राहिला.

उच्चाटन

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने चालवलेला मुक्तिलढा आणि तेलंगणातील शेतकऱ्यांचा १९४६ पासूनचा सशस्त्र उठाव यांमुळे ही व्यवस्था खिळखिळी झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. जहागिरी रद्द करणारा विनियम १५ ऑगस्ट १९४९ रोजी अमलात आला आणि जहागीरदारांना हप्त्यांनी मोबदला देण्याची तरतूद झाली. सर्फ-ए-खासही त्याच वर्षी दिवाणीत विलीन करण्यात आले. पुढे १९५० च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण मिळाले, तर १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द करण्याची तरतूद केली.

परिणाम

सनदेवर उभी असलेली जहागीरदारांची सत्ता एका विनियमाने संपली. वतनदारांची सत्ता जमीन, दप्तर व आप्तसंबंध यांत रुजलेली असल्याने अधिक काळ टिकली. मुलकी पाटलांचे पद महाराष्ट्र शासनाने १९६२ च्या कायद्याने रद्द केले. निजामकालीन मुंतखब (इनामाच्या चौकशीअंती दिलेला दाखला) आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही पुरावा म्हणून सादर केले जातात.