बधिर हात आणि परतीची वाट

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने नसांवर का बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं कारण आमच्या लहानपणी आहे.

आमच्या गावात एक सालदार होता. बिडी जळत जळत त्याच्या बोटांना टेकायची. कातडी करपल्याचा वास आम्हा पोरांना यायचा, पण त्याला पत्ताच नसायचा. लोक म्हणत, महारोग आहे, बोटं झडणार. पुढे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं दुःख कसं टळेल हे शिकवलं. ज्याला दुखतच नाही त्याचं काय, हा प्रश्न मात्र त्या सालदाराने घातला.

बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी ज्याचा शोध लावला, तो जंतू नसांमध्ये शिरतो. कोपर, मनगट, गुडघा अशा कातडीलगतच्या, थंड जागच्या नसा त्याला मानवतात. तिथे तो श्वान पेशींमध्ये राहतो. (हे नाव जर्मन शास्त्रज्ञावरून आलंय, कुत्र्याचा संबंध नाही!) नस बधिर झाली की काटा, चटका, बूट चावणं काहीच कळत नाही. जखमा चिघळतात आणि त्यातून बोटं जातात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखलं आणि वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ करायला घेतली. मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच काम पुढे नेलं.

पण मेलेली नस परत येते का? हा प्रश्न जुना आहे. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेची नस कापून पाहिली. मूळ पेशीपासून तुटलेला तंतू पलीकडे विरघळत जातो, हे त्यांना दिसलं. स्पेनच्या काहाल यांनी 1913-14 मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. हातापायांच्या नसा पुन्हा वाढू पाहतात, पण मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाढ सुरू होऊन लगेच थांबते, असं त्यांनी दाखवलं. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला अखेरचा निकाल समजले.

मग 1981 मध्ये माँट्रियलला डेव्हिड आणि आग्वायो यांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा घेऊन मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठामध्ये पूल बांधला. न वाढणारे तंतू त्या पुलातून वाढले! म्हणजे वाढण्याची ताकद तंतूत होतीच, भोवतालच प्रतिकूल होता. हाताच्या नसेत श्वान पेशी वाट दाखवतात, मज्जारज्जूत ती सोय नाही.

आता पुन्हा आपल्या वऱ्हाडात येऊ. कुष्ठरोगाचा जंतू नेमक्या वाट दाखवणाऱ्या पेशीलाच गाठतो. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून बोटापर्यंत चाळीसेक सेंटिमीटर, म्हणजे वर्षाहून जास्त, तेही वाट शाबूत असेल तर. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. त्याने जंतू मरतो, पण फार उशीर झाला असेल तर बधिरपणा राहतो. बधिरपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी नस वाचण्याची शक्यता असते.

वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे यांनी काय केलं? त्यांनी माणसांचा भोवताल बदलला. उपमा ताणायची नाही, पण आग्वायोंचा प्रयोग वाचताना आम्हाला हीच माणसं आठवली.

आमचा सालदार आज असता, तर पहिला फिकट चट्टा दिसताच त्याला दवाखान्यात नेलं असतं. तेव्हा आम्ही वास घेऊन दूर पळालो. तुम्ही घरी गेल्यावर एवढं करा. अंगावरच्या चट्ट्यावर कापूस फिरवा, आणि कळत नसेल तर लाजू नका, उद्याच दवाखान्यात जा. नस हळू चालते, आपण तरी उशीर करू नये.