रोमकरांस पत्र, अध्याय ६

रोमकरांस पत्र, अध्याय ६ हा ख्रिस्ती बायबलच्या नव्या करारातील 'रोमकरांस पत्र' या ग्रंथाचा सहावा अध्याय होय. प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. ५५ ते ५८ या काळात ग्रीक भाषेत लिहिले. या अध्यायात २३ वचने असून, पापाच्या सत्तेपासून मुक्त झालेल्या माणसाने कसे जगावे, हा त्याचा विषय आहे. देवाची कृपा विनामूल्य मिळत असेल, तर पाप करीत राहण्यास काय हरकत आहे, या आक्षेपाला पौलाने येथे उत्तर दिले आहे. बाप्तिस्मा, पवित्रीकरण आणि आज्ञापालन या विषयांवरील ख्रिस्ती विचारात या अध्यायाला मध्यवर्ती स्थान आहे. कृपा आणि नैतिक आचरण यांच्या संबंधाविषयी ख्रिस्ती पंथांत झालेल्या अनेक वादांत त्याचा आधार घेतला गेला आहे.

पार्श्वभूमी

पत्र लिहिले तेव्हा पौल ग्रीसमधील करिंथ नगरात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमला तो तोपर्यंत गेला नव्हता. यहूदियातील गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी जमवलेला निधी यरुशलेमेस पोहोचवावा आणि नंतर रोममार्गे स्पेनला जावे, अशी त्याची योजना पत्राच्या पंधराव्या अध्यायात आली आहे. पत्र तर्तियस नावाच्या लेखनिकाने लिहून घेतले. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस शेवटच्या अध्यायात असल्यामुळे, पत्र तिनेच रोमला नेले असावे असा अंदाज केला जातो.

रोममधील मंडळीत यहूदी आणि बिगरयहूदी असे दोन्ही प्रकारचे लोक होते. नियमशास्त्राचे, म्हणजे मोशेच्या द्वारे मिळालेल्या आज्ञांचे, पालन कोणी आणि किती करावे, हा त्यांच्यातील कळीचा प्रश्न होता. मनुष्य नियमशास्त्रातील कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, असे पौल तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत मांडतो. पाचव्या अध्यायात आदामाचा आज्ञाभंग आणि ख्रिस्ताचे आज्ञापालन यांची तुलना आहे. पाप जेथे वाढले तेथे कृपा त्याहून अधिक वाढली, या निष्कर्षाने तो अध्याय संपतो. सहाव्या अध्यायातील आक्षेप याच निष्कर्षातून उद्भवतो. असा आरोप पौलावर प्रत्यक्ष केला जात होता, हे तिसऱ्या अध्यायातील उल्लेखावरून (३:८) दिसते.

मूळ पत्रात अध्याय किंवा वचनांचे क्रमांक नव्हते. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन याने केल्याचे मानले जाते. वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या १५५१ च्या ग्रीक आवृत्तीपासून रूढ झाले.

हस्तलिखिते

या अध्यायाचा पूर्वार्ध 'पपायरस ४६' या इ.स. २०० च्या सुमाराच्या हस्तलिखितात आढळतो. पौलाच्या पत्रांचा हा सर्वांत जुन्या उपलब्ध संग्रहांपैकी एक असून, त्याची पाने डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालय आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ येथे आहेत. चौथ्या शतकातील कोडेक्स व्हॅटिकानस व कोडेक्स सायनायटिकस या हस्तलिखितांत संपूर्ण अध्याय आहे.

आशय

अध्यायाचे दोन भाग पडतात. दोन्हींचा आरंभ एका प्रश्नाने होतो आणि दोन्ही प्रश्नांना पौल ठाम नकार देतो.

पापाला मरणे (६:१–१४): कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा पहिला प्रश्न आहे. पौलाच्या मते, जो पापाला मेला त्याने पापात जगणे हा विरोधाभास आहे. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी उठतो. विश्वासणाऱ्याचा 'जुना मनुष्य' ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला असून, त्याने यापुढे पापाची गुलामी करू नये हा त्याचा उद्देश आहे. सातव्या वचनात मृत मनुष्य पापापासून 'मुक्त' झाला असे बहुतेक भाषांतरे म्हणतात. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ मात्र 'नीतिमान ठरवला गेला' असा आहे. मृत व्यक्तीवर कोणाचाही दावा चालत नाही, ही कायदेशीर कल्पना त्यामागे असावी, असे अनेक भाष्यकार सुचवतात.

अकराव्या वचनापासून पौल उपदेशाकडे वळतो. वाचकांनी स्वतःला पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत असे मानावे. शरीरावर पापाला राज्य करू देऊ नये. आपले अवयव अधर्माची नव्हे, तर नीतिमत्त्वाची साधने म्हणून देवाला समर्पित करावेत, असे तो सांगतो. 'साधने' या अर्थाचा मूळ शब्द 'होप्ला' शस्त्रांसाठीही वापरला जात असे. त्यामुळे या वचनाला युद्धाच्या प्रतिमेची छटा आहे.

दोन धनी (६:१५–२३): आपण नियमशास्त्राच्या नव्हे तर कृपेच्या अधीन आहोत, म्हणून पाप करावे काय, हा दुसरा प्रश्न आहे. मनुष्य ज्याची आज्ञा पाळतो त्याचाच दास असतो, या तत्त्वावर पौलाचे उत्तर आधारलेले आहे. पापाचे दास्य मरणाकडे नेते आणि आज्ञापालन नीतिमत्त्वाकडे. वाचकांनी स्वीकारलेल्या शिकवणीचे मनापासून पालन केले, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. शेवटच्या वचनात तीन जोड्या समोरासमोर येतात : पाप आणि देव, वेतन आणि कृपादान, मरण आणि सार्वकालिक जीवन. वेतनासाठी योजलेला 'ऑप्सोनिया' हा शब्द प्रामुख्याने सैनिकांच्या भत्त्यासाठी वापरला जाई. पाप आपल्या चाकराला त्याने कमावलेले मरण देते, तर देव न कमावलेले जीवन देतो, असा हा विरोध आहे.

प्रमुख संज्ञा

पाप (हामार्तिया): पौल येथे पाप हा शब्द प्रायः एकवचनात वापरतो. सुटी दुष्कृत्ये त्याला अभिप्रेत नसून, राज्य करणारी, दास बनवणारी आणि वेतन देणारी एक सत्ता असे त्याने पापाचे चित्रण केले आहे. म्हणूनच केवळ क्षमा नव्हे, तर सुटकाही आवश्यक ठरते.

आज्ञापालन (हुपाकोए): हा शब्द 'ऐकणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून बनला आहे. मराठीत 'मूल ऐकत नाही' असे म्हणताना ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, त्याच्याशी हे साम्य लक्षणीय आहे. पत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या अध्यायात 'विश्वासाचे आज्ञापालन' हा शब्दप्रयोग येतो. त्यामुळे विश्वास व आज्ञापालन या पौलाच्या दृष्टीने परस्परविरोधी गोष्टी नाहीत, असे अभ्यासक दाखवून देतात.

पवित्रीकरण (हागियास्मोस): देवासाठी वेगळे केले जाणे व त्यानुसार जीवन घडणे. नीतिमान ठरणे आणि पवित्र होणे यांचा परस्परसंबंध हा पुढे मोठ्या वादाचा विषय झाला.

विधान आणि आज्ञा यांतील ताण

तुम्ही पापाला मेला आहात, असे पौल अध्यायाच्या आरंभी विधान करतो. परंतु पुढे पापाला राज्य करू देऊ नका, अशी आज्ञाही देतो. जे घडून गेले आहे त्याची आज्ञा का द्यावी, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ बुल्टमान याने १९२४ मधील एका निबंधात पौलाच्या नीतिविचारातील या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली. सर्वसाधारण मतानुसार येथे आज्ञा विधानावर आधारलेली आहे. मनुष्याने मुक्ती मिळावी म्हणून आज्ञा पाळावयाची नसून, मुक्ती मिळाली म्हणून पाळावयाची आहे. तसेच ख्रिस्ताच्या मरणातील सहभाग भूतकाळात, तर त्याच्या पुनरुत्थानातील पूर्ण सहभाग भविष्यकाळात सांगितला असल्यामुळे, विश्वासणारा या दोहोंच्या मधल्या काळात जगतो, असेही स्पष्टीकरण दिले जाते.

गुलामगिरीचे रूपक

रोमन समाजात गुलामगिरी सर्वत्र प्रचलित होती. पत्राच्या श्रोत्यांत स्वतः गुलाम किंवा मुक्त केलेले गुलाम असण्याची शक्यता मोठी आहे. रोमन कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामावरही पूर्वीच्या धन्याविषयीची काही कर्तव्ये राहत असत. कोणत्याही धन्याविना स्वतंत्र असलेला मनुष्य पौलाच्या मांडणीत नाही. प्रश्न फक्त धनी कोण, एवढाच आहे. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी देवाची सेवा करावी, या निर्गमग्रंथातील कल्पनेशी ही मांडणी जुळते.

आपण मानवी व्यवहाराच्या भाषेत बोलत आहोत, असे पौल स्वतःच एकोणिसाव्या वचनात म्हणतो. आठव्या अध्यायात तो दास्याऐवजी देवाच्या पुत्रत्वाचे रूपक योजतो. अटलांटिक गुलामव्यापाराच्या काळात गुलामगिरीच्या समर्थनासाठी नव्या करारातील वचनांचा वापर झाला. त्यामुळे अशा रूपकाकडे आधुनिक अभ्यासक चिकित्सक दृष्टीने पाहतात. जबरदस्तीचे दास्य आणि मनापासून केलेले आज्ञापालन यांतील फरक अध्यायातच सूचित झाला आहे, याकडे अन्य भाष्यकार लक्ष वेधतात.

अर्थनिर्णयाचा इतिहास

प्राचीन काळ: तिसऱ्या शतकात ऑरिजेनने या पत्रावर विस्तृत भाष्य लिहिले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलॅजियस आणि हिप्पोचा ऑगस्टीन यांच्यात मतभेद झाला. मनुष्य इच्छाशक्तीच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, यावर पेलॅजियसचा भर होता. कृपेने इच्छाशक्तीच मुक्त केल्याशिवाय मनुष्य चांगले इच्छू शकत नाही, असे ऑगस्टीनचे मत होते. इ.स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलॅजियसच्या मताचा निषेध केला.

धर्मसुधारणेचा काळ: मार्टिन ल्यूथरने १५१५–१६ मध्ये विटेनबर्ग येथे या पत्रावर व्याख्याने दिली. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. १५२९ च्या 'लघु प्रश्नोत्तरी'त त्याने या अध्यायाच्या आधारे बाप्तिस्म्याचा अर्थ रोजच्या पश्चात्तापाशी जोडला. विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्राचा उपदेश नको, असे म्हणणाऱ्या योहान आग्रिकोला या आपल्याच सहकाऱ्याला त्याने विरोध केला. जॉन कॅल्व्हिनच्या मते नीतिमान ठरणे व पवित्रीकरण या ख्रिस्ताकडून मिळणाऱ्या भिन्न, परंतु अविभाज्य अशा दोन कृपा आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेने १५४७ च्या आदेशात, नीतिमान ठरण्यात पापक्षमेबरोबरच अंतःकरणाचे नूतनीकरणही अंतर्भूत आहे, अशी भूमिका घेतली.

आधुनिक काळ: २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत ल्यूथरची या पत्रावरील प्रस्तावना ऐकताना जॉन वेस्ली याला निर्णायक धार्मिक अनुभव आला. पापाच्या सत्तेवर याच जन्मी विजय शक्य आहे, ही त्याची शिकवण मेथडिस्ट चळवळीत व पुढे साल्व्हेशन आर्मीसारख्या संघटनांत रुजली. जर्मन धर्मगुरू डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मधील 'नाखफोल्गे' या ग्रंथात, आज्ञापालनाची मागणी न करणाऱ्या कृपेला 'स्वस्त कृपा' म्हटले. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल त्याला १९४५ मध्ये फाशी देण्यात आली.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात मनुष्याचा स्वीकार केवळ कृपेने होतो आणि सत्कृत्ये ही त्याची फळे आहेत, याविषयी एकमत व्यक्त झाले. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसचा जागतिक संघ या सहमतीत सामील झाले.

उपासनेतील स्थान

कॅथलिक चर्चमध्ये पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत या अध्यायातील ३ ते ११ ही वचने वाचली जातात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती बाप्तिस्म्याच्या विधीत आणि पुनरुत्थान सणाच्या आदल्या शनिवारी वाचतात. पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आदी पंथ पुरले जाण्याच्या आणि उठण्याच्या प्रतिमेचा आधार घेतात. बाप्तिस्मा हे आधीच झालेल्या बदलाचे चिन्ह आहे की तो बदल घडवणारा संस्कार आहे, याविषयी पंथांत मतभेद आहेत.

मराठी भाषेत

विल्यम केरी याच्या नेतृत्वाखाली श्रीरामपूर (बंगाल) येथून नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये मोडी लिपीत प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत भाषांतराचे काम केले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी सोपी मराठी वापरण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नावही 'मुक्ती' असेच आहे.

मराठीत या अध्यायातील संज्ञांना आधीपासूनचे अर्थसंदर्भ आहेत. भारतीय दर्शनांत मुक्ती म्हणजे प्रामुख्याने जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. पौलाला मात्र पापाच्या सत्तेतून सुटका अभिप्रेत आहे आणि तिची परिणती शरीराच्या पुनरुत्थानात होते. ग्रीक 'दूलोस' या शब्दात कायदेशीर गुलामीचा कठोर अर्थ आहे. त्यासाठी योजलेला 'दास' हा शब्द मात्र मराठी भक्तिपरंपरेत ईश्वराशी असलेल्या प्रेमाच्या नात्याचाही वाचक आहे. त्यामुळे देवाचे दास्य ही कल्पना मराठी वाचकाला परिचित वाटते. पापाच्या दास्यातील भीषणता तेवढ्या तीव्रतेने जाणवत नाही.

हे सुद्धा पहा

प्रेषित पौल
नवा करार
बाप्तिस्मा
पंडिता रमाबाई
मार्टिन ल्यूथर