समन्याय आणि समभाग : परळ-भोईवाड्याच्या वाटेने

परळच्या भोईवाड्यात दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. तेथून थोडे चालले की हाफकिन संस्थेची जुनी वास्तू लागते. ही जागा मूळची जेझुइट धर्मगुरूंची. सिद्दीला साहाय्य केल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या, आणि जेथे प्रार्थना होत असे तेथे पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचा निवास झाला. १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा तेथे आली आणि त्या भिंतींना पुन्हा एकवार सेवाकार्य लाभले. जप्ती योग्य होती की अयोग्य, हा वाद आता उकरून काढण्यात अर्थ नाही. आम्ही या वास्तूकडे वळलो ते वेगळ्याच कारणाने.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना हे गव्हर्नरांचे निवासस्थान होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२७ साली, मुंबई शहराबाहेरील मुलखासाठी विनियमांची एक संहिता तयार झाली. न्यायाधीशाने कोणता कायदा लावावा याचा क्रम तिच्या चौथ्या विनियमात घालून दिला होता. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तर त्या मुलखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि यांतले काहीच हाती लागले नाही तर न्याय, समन्याय आणि सदसद्विवेकबुद्धी. ज्याला इंग्रजीत ‘इक्विटी’ म्हणतात त्या समन्यायाला अशा प्रकारे पंगतीत शेवटचे पान मिळाले.

इंग्लंडमध्ये समन्यायाचा जन्म झाला तो राजाच्या चान्सलरच्या कचेरीत. कायद्याच्या शब्दावर बोट ठेवणाऱ्या न्यायालयांनी ज्याला रिकाम्या हाताने परत पाठवले, तो तेथे दाद मागे. हे चान्सलर शतकानुशतके बहुधा धर्माधिकारीच असत. त्यामुळे माणसाच्या अंतःकरणाला प्रश्न विचारण्याची धर्मगुरूंची सवय न्यायदानातही उतरली. कॅथॉलिक धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेचे शेवटचे, म्हणजे १७५२ वे, कलम याच समन्यायाचे स्मरण ठेवण्यास सांगते आणि त्याच्या जोडीला आत्म्यांचे तारण ठेवते. मात्र आपल्याकडे त्या तिन्ही शब्दांचे पुढे काय झाले? १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेल्या एका अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, त्यांचा अर्थ साधारणपणे इंग्रजी कायद्याचे नियम, येथील परिस्थितीला लागू पडतील तेवढे, असाच घेतला जातो. सदसद्विवेकबुद्धीचेही पुस्तक झाले, तेही इंग्रजी!

वस्तुतः मराठी मुलखाला या बुद्धीची शिकवण बाहेरून घ्यावी लागत नव्हती. ‘दामदुप्पट’ हा शब्द आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. व्याज कितीही तुंबले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही, हा तो रिवाज. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. अंगठा उठवलेला कागद हाच अखेरचा शब्द राहिला नाही. समन्याय म्हणजे काय, ते या एका तरतुदीवरून जेवढे उमगते तेवढे जाडजूड ग्रंथांवरूनही क्वचितच उमगेल.

आता त्याच शब्दाचा दुसरा अवतार पाहू. कंपनीच्या ‘इक्विटी शेअर’ला मराठीने ‘समभाग’ म्हटले. नाव मोठे गोड. परंतु हे सारे भाग एकमेकांशी सम असतात, कंपनीसाठी राबणाऱ्यांशी नव्हेत. सर्वांची देणी भागल्यावर जे उरेल ते भागधारकाचे. काही उरले नाही तर तोही रिता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीसाठी भांडवल उभारले तेव्हापासून मुंबईच्या गिरण्या या तत्त्वावर चालल्या. पण भागधारकाच्याही आधी मॅनेजिंग एजंट जेवून घेई. अनेक गिरण्यांत त्याचे कमिशन उत्पादनाच्या पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे, मग गिरणी नफ्यात असो वा तोट्यात. ही एजन्सी पद्धती कायद्याने संपली ती १९७० मध्ये.

आणि गिरणीच्या दाराशी बदली कामगार उभा असे. कोणी गैरहजर राहिला तर आज काम, नाही तर उद्या पुन्हा दारात. संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोणी बोलावले नाही म्हणून संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले ते मजूर त्याने भोंग्याच्या वेळी रोज पाहिले होते. मळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचे नाणे दिले, कारण घरी पोट पूर्ण दिवसाचे होते. पहाटेपासून राबलेल्यांनी कुरकुर केली, हेही तितकेच माणसासारखे. गिरणीच्या हजेरीपटात मात्र असा धनी नव्हता. चाळीतल्या नळावर तो कधी कधी दिसे. पाणी जाण्याआधी घरटी दोन हंडे हा नियम, पण बाळंतीण असलेल्या घराला तिसरा हंडा भरू दिला जाई आणि त्याबद्दल कोणी भांडत नसे. दोन-दोन हंडे ही समानता. तिसरा हंडा हा समन्याय.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी धंद्यात वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. कामगारांचा कौल दुसरीकडे वळला तरी कायद्याचा शब्द तोच राहिला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. ज्या वर्षी संप सुरू झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की, कंपनी गुंडाळण्याचा अर्ज आला तर कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची थकबाकी तारण घेणाऱ्या बँकांच्या बरोबरीने बसली. आयुष्य घालणाऱ्याला पैसा घालणाऱ्याशेजारी जागा मिळण्यासाठी एवढी वाट पाहावी लागली.

उरली जमीन, सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे केले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल असे ठरले. गिरणी म्हणजे जवळजवळ सारी छपरेच. तेव्हा वाटायला उरले किती? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर शहराची केवढी तरी मैदाने आणि घरे अवलंबून होती. आमच्या मते येथे शब्द जिंकला आणि वाटणीमागचा हेतू हरला. कायदेपंडितांचे मत निराळे असू शकेल.

म्हाडाच्या वाट्यात कामगारांसाठी घरे आली. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची. अर्जदार दीड लाखांच्या आसपास. पुढे मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना पुढे आली आणि कामगार संघटनांनी तिला विरोध केला. सोडतीत प्रत्येक नाव सारखे असते. तीस वर्षे साचा चालवलेला विणकर, दोन वर्षांचा बदली आणि दोघांच्याही मागे राहिलेली विधवा यांच्यात ती भेद करीत नाही. पात्रतेला मात्र तारीख आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असले पाहिजे. डिसेंबर १९८१ मध्ये जो निवृत्त झाला, ज्याने उभी हयात त्याच साच्यावर काढली, त्याचे नाव सोडतीत नाही.