टिळक, नारायण वामन
(६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९). मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक. जन्म कोकणातील करजगाव येथे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला.  १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे नव्हे, ही त्यांची ठाम भूमिका होती आणि तिचे मोल अजून पुरते ओळखले गेलेले नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन या वारकऱ्यांच्या वाटेने त्यांनी येशूची उपासना मराठीत आणली; आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजने गायिली जातात.

या श्रद्धेची खरी कसोटी मात्र स्वयंपाकघरात लागली. त्यांच्या बाप्तिस्म्यामुळे दुरावलेल्या पत्नी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्यावरही सोवळे पाळत, वेगळी चूल मांडत, पाणी स्वतः भरत. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे मनाला पटल्यावरच त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा संघर्ष त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात निर्भीडपणे आला आहे. टिळकांच्या अहमदनगरच्या घरात कवी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.