ठासणीची बंदूक आणि धड्यातलं काडतूस

गेल्या महिन्यात बंदुकीच्या परवान्याचे कागद शोधायला माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर कागदांबरोबर माझी एक जुनी टाचणवही हाताला लागली. इयत्ता आठवी, विषय इतिहास, घटक '१८५७ चा उठाव'. राजकीय कारणे, आर्थिक कारणे, सामाजिक व धार्मिक कारणे, लष्करी कारणे, आणि सगळ्यांत शेवटी 'तात्कालिक कारण : चरबी लावलेली काडतुसे'. खाली लाल शाईची रेघ. म्हणजे हे परीक्षेला हमखास येणार!

तीसेक वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, काडतूस दातांनी का तोडायचं? हातांनी का नाही?" मी म्हटलं, "तेव्हा तशी पद्धत होती," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तास संपायला दहा मिनिटं होती आणि अभ्यासक्रम मागे पडला होता. आता लाज वाटते ती याची, की त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरी, पडवीच्या भिंतीला, दोन खुंट्यांवर आडवं टांगलेलं होतं.

आमचं घर रत्नागिरी-पावस रस्त्याच्या बाजूला. घराभोवती कलमं, थोडं नारळाचं आगर, आणि पूर्वी खाली भाताचे चार चोंढे. इकडे शेतकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना, त्यावर 'एस.बी.एम.एल.' अशी चार इंग्रजी अक्षरं, म्हणजे एकाच नळीची आणि तोंडाकडून भरायची बंदूक. वानर, माकडं आणि डुकरं यांच्यासाठी. आमच्या बंदुकीच्या नळीवर कुठल्या कारखान्याचा शिक्का नाही. अण्णांनी (माझ्या वडिलांनी) ती घेतली तेव्हाच ती जुनी होती.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीला काडतूस नसतं. दर बाराला ती नव्याने भरायची. नळीच्या तोंडातून आधी दारू, तिच्यावर बोळा (आमच्याकडे सोडणाच्या काथ्याचा), मग छर्रे, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी लोखंडी गजाने ठासायचं. सगळं झाल्यावर घोड्याखालच्या निपलावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. तिला आम्ही केप म्हणतो. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. धूर एवढा की वानर पळालं की नाही हे धूर विरल्यावरच कळायचं.

अण्णांचा एक नियम होता, केप शेवटी. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी मला बाजूला बसवून हा क्रम पाठ करून घेतला, पाढ्यांसारखा. बंदुकीला हात मात्र लावू दिला नाही.

या नियमाइतकाच दुसरा एक नियम घरात आला तो एका अपघातामुळे. आमच्या वाडीतले एक काका पावसाळ्याच्या अखेरीस भाताच्या राखणीला माळ्यावर बसले होते. दारू सादळलेली. चाप ओढला, नुसती केप वाजली. काळोखात, गडबडीत त्यांना वाटलं बार गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बंदूक भरली आणि पुन्हा चाप ओढला. या वेळी दोन्ही बार एकदम पेटले, नळी बुडाशी फाटली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी आमच्या गजावर कानशीने दोन खाचा पाडल्या. गज आत सोडल्यावर वरची खाच नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, खालचीच आली तर आत बार आहे. त्या खाचा अजून आहेत. बोटाला लागतात.

पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी वाचताना कळलं, की जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या, आणि त्यांपैकी निम्म्यांत दोन-दोन बार. एका बंदुकीत तर एकावर एक तेवीस! आजूबाजूला एवढा गदारोळ, की आपला बार उडाला की नाही हेच शिपायाला कळेना. तो बिचारा भरतच राहिला. ते वाचताना मला आमच्या वाडीतले काकाच दिसत होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. इतक्या उशिरा का होईना.

१८५३ सालची एनफिल्ड रायफल हीदेखील ठासणीचीच बंदूक होती. तिचं काडतूस म्हणजे आजच्यासारखी पितळी नळकांडी नव्हे, तर कागदाची पुडी. पुडीत एका बाराची मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी. आमच्याकडे जे काम काथ्या, डबी आणि मापटं यांनी होतं ते तिथे एका पुडीत आणलेलं, एवढाच फरक. शिपायाने पुडीचं टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळीचा भाग कागदासकट आत सरकवून गजाने ठासायचा. डावा हात बंदुकीला, उजव्यात पुडी. मग टोक फाडायला उरलं काय? दात! बंदूक कधी भरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी स्वतः छर्र्यांची पिशवी दातांत धरून तिची गाठ सोडलेली आहे.

आणि दातांनी तोडणं हे शिपायांना नवं नव्हतंच. जुन्या 'ब्राऊन बेस' बंदुकीची पुडीही ते कित्येक वर्षं तशीच तोडत होते. नवी होती ती चरबी. ब्राऊन बेसची नळी पाऊण इंच व्यासाची आणि आतून गुळगुळीत, गोळी सैल. शंभर यार्डांपलीकडे भरवसा नाही, पण भरायला सोपी. एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची, आत पीळदार खाचा. काळ्या दारूची काजळी त्या खाचांत साचते आणि चार-सहा बारांनंतर गोळी खाली उतरत नाही. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण हवं. ते वंगण कशाचं, गाईच्या चरबीचं की डुकराच्या, या प्रश्नावर साम्राज्य हादरलं.

सरकारने मग सांगून पाहिलं, की वंगण तुमचं तुम्ही लावा, मेण आणि तेल वापरा. दातांऐवजी बोटांनी फाडायची मुभाही दिली. उपयोग झाला नाही. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि इतिहासकार म्हणतात की त्या दिवशी पुढे केलेली काडतुसं जुन्याच प्रकारची होती. विश्वास उडाला होता, वंगण कुठलंही असो. आमच्या या बाजूलाही धग लागली होती. कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ ला बंड केलं तेव्हा त्याच पलटणीची एक तुकडी रत्नागिरीत होती. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात आणखी एक गोष्ट नव्हती. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हातात जी बंदूक दिली ती दिसायला एनफिल्डसारखी, पण नळी आतून गुळगुळीत आणि रुंद केलेली. पीळ काढून टाकला, म्हणजे नेम गेला. गोऱ्या पलटणींना मागून भरायची स्नायडर मिळाली, पुढे १८७१ सालची मार्टिनी-हेन्री मिळाली, आणि देशी पलटणी एक पायरी मागे. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ चा. म्हणजे काडतुसं इथेच होऊ लागली, पण ती कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणारे दुसरे.

मग १८७८ चा शस्त्रबंदीचा कायदा. लॉर्ड लिटनच्या राजवटीत त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला. एका वर्षात हातही बांधले आणि तोंडही. गोऱ्यांना परवान्यातून सूट आणि देशी माणसाने अर्ज करायचा, याचा राग इतका होता की १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये त्यावर ठराव आला.

माझा समज असा होता, की कोकणातला शेतकरी ठासणीची बंदूक वापरतो कारण तो गरीब. ते अर्धंच खरं आहे. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) मी निवृत्तीनंतर वाचला. त्याच्या तेराव्या कलमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती तोंडाकडून भरायची असेल असं चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं हे तंत्र आमच्या पडव्यांत टिकलं ते काही आम्ही मागासलेले म्हणून नाही, कायद्याने आम्हांला तिथेच थांबवलं म्हणून. गंमत अशी, की याच कायद्यात पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती वस्तू दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशी हवी. आमची बंदूक अजून उडते, म्हणून ती पुराणवस्तू नाही!

परदेशात मात्र हीच विद्या छंद झाली आहे. २००३ च्या सुमाराला नेपाळच्या एका जुन्या शस्त्रागारातल्या हजारो स्नायडर आणि मार्टिनी बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. बंदुका घेतल्या, पण त्यांची काडतुसं बाजारात मिळणं मुश्कील. तेव्हा हौशी लोक २४ बोअरची पितळी नळकांडी घेऊन, ती साच्यात दाबून, मार्टिनीची काडतुसं घरी भरतात. चोवीसच का, यात गणित आहे. बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या किती गोळ्या पाडल्या तर त्या नळीत बसतील तो आकडा. बारा गोळ्या पाडल्या तर प्रत्येक साधारण ३८ ग्रॅमची आणि व्यास साडेअठरा मिलिमीटर, ती बारा बोअर. चोवीस पाडल्या तर व्यास १४.७ मिलिमीटर, आणि ०.५७७ इंच म्हणजे जवळजवळ तेवढेच. आकडा जितका मोठा तितकी नळी लहान, हे मुलांना सांगितलं असतं तर व्यस्त प्रमाणाचा एक तास वाचला असता. असो. ते हौशी लोक शिसं किती नरम, बोळा कशाचा, यावर पानंच्या पानं लिहितात. अण्णा हे सगळं चौथी शिकून करत होते.

इकडे मात्र भरणारे हात कमी होत चालले आहेत. दारू आणि केप परवान्यावर लिहिलेल्या मापानेच मिळते, आणि ती ठेवणारं दुकान शोधत लांब जावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जनावर मारायला वेगळी परवानगी लागते. आम्ही कित्येक वर्षं नुसता बार काढतो, आत छर्रे न घालता. निवडणूक आली की बंदूक जमा करायची. २०२४ मध्ये १६ मार्चला आचारसंहिता लागली, ऐन आंबा-काजूच्या दिवसांत. नियम सर्वांना सारखा, तक्रार नाही. पण ते वानरांना कोण सांगणार? त्या मोसमात पायरीच्या दोन कलमांवर एक फळ राहिलं नाही.

तर परवान्याचे कागद का शोधत होतो ते सांगायचं राहिलं. माझी पंच्याहत्तरी झाली. २०१६ च्या नियमांप्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला बंदूक वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, जमा करून टाका आणि मोकळे व्हा. वर्षातून दोन बार काढायला एवढे कागद कशाला?" त्याचं चुकतं असं म्हणवत नाही. मुलगी इथेच जवळ दिली आहे आणि बाग आता तीच बघते. ती म्हणाली, "माझ्या नावावर करा. पण आधी भरायला शिकवा."

मी म्हटलं, परवाना तुझ्या नावावर होईपर्यंत दारू नाही, केप नाही. नुसता क्रम शिक. परवा संध्याकाळी पडवीत बसलो. तिने क्रम म्हणून दाखवला, दारू, बोळा, छर्रे, बोळा, केप शेवटी. मग मी गज तिच्या हातात दिला आणि खाचा दाखवल्या. तिने तो नळीत सोडला. तळाशी लोखंडावर लोखंड टण् वाजलं आणि वरची खाच बरोबर तोंडाशी आली.

"रिकामी," ती म्हणाली.

मुलाचं ना-हरकत पत्र पुण्याहून यायचं आहे.